बांधावरची थाप आणि कालव्यातला लोंढा: राउटरची फायरवॉल नेमके काय अडवते?

कापसाची आवक ऐन भरात असताना अमळनेरजवळच्या एका जिनिंगमधून मला बोलावणे आले. तिथल्या मालकांना सारे गाव अण्णा म्हणते. आठवडाभर रोज संध्याकाळी इंटरनेट रखडत होते, म्हणून त्यांच्या मुनिमाने राउटरचे पान उघडून पाहिले, तर त्यातल्या नोंदींच्या भागात ‘पोर्ट स्कॅन’, ‘सिन फ्लड’, ‘अटॅक’ अशा शब्दांच्या शेकडो ओळी आढळल्या. मी पोचलो तेव्हा अण्णांनी त्या ओळींची छापील पाने माझ्यापुढे ठेवली आणि विचारले, “भाऊ, माले कोन काबरं तरास दी ऱ्हायना?”

हा प्रश्न मला धुळ्यात, चोपड्यात, शहाद्यातही लोकांनी विचारलेला आहे. वर्तमानपत्रांत सायबर हल्ल्यांच्या बातम्या येतात, त्यानंतर कोणीतरी आपल्या राउटरच्या नोंदी पाहतो आणि आपल्यालाच कोणीतरी हेरले आहे अशी त्याची समजूत होते. त्या नोंदींचा अर्थ काय, फायरवॉल, म्हणजे राउटरमधली येणाऱ्या-जाणाऱ्यावर पहारा ठेवणारी व्यवस्था, त्यातले किती अडवू शकते आणि किती अडवू शकत नाही, हे नीट समजले तर निम्मी भीती जाते आणि उरलेल्या निम्म्या धोक्यावर प्रत्यक्ष काही करता येते. अण्णांच्या इंटरनेटचे काय बिघडले होते, तेही ओघात येईलच. परंतु त्यासाठी थोडे मुळापासून सुरू करावे लागेल.

एक पत्ता, हजारो दारे

इंटरनेटच्या प्रत्येक जोडणीला एक आकडी पत्ता असतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. आजही सर्वाधिक परिचित असलेल्या चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी आहे. आपण पाठवतो ती चित्रफीत असो वा बँकेचा व्यवहार, तिचे लहान लहान तुकडे करून ते रवाना केले जातात. प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता लिहिलेला असतो. अशा तुकड्याला पॅकेट म्हणतात.

पत्त्यामुळे पॅकेट योग्य ठिकाणी पोचते, पण तिथे कोणाला भेटायचे हे सांगायला आणखी एक क्रमांक लागतो. जळगावच्या गोलाणी मार्केटचा पत्ता एकच असला तरी आत गाळे कितीतरी आहेत, तसेच हे आहे. या गाळ्याच्या क्रमांकाला पोर्ट म्हणतात आणि तो ६५,५३५ पर्यंत असू शकतो. संकेतस्थळे ८० आणि ४४३ या क्रमांकांवर भेटतात, नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा ५३ वर असते, तर यंत्राचा ताबा दुरून घेण्याची टेलनेट नावाची जुनी आणि आता अत्यंत असुरक्षित ठरलेली सोय २३ वर असते. ज्या क्रमांकावर आतून कोणीतरी उत्तर द्यायला बसलेले असते, ते दार उघडे म्हणायचे. बाकीचे गाळे रिकामे, त्यामुळे तिथे कितीही हाका मारल्या तरी काही बिघडत नाही.

थाप मारणारा आपल्याला ओळखत नाही

अण्णांच्या कागदावर सर्वांत जास्त ओळी २३ या क्रमांकाच्या होत्या. कोणीतरी येऊन त्या दारावर थाप मारत होते, उत्तर मिळाले नाही की निघून जात होते. याला मी चाचपणी म्हणेन. आठवडी बाजाराच्या गर्दीत फिरणारा भुरटा चोर जसा दिसेल त्या गाडीचे दार हलकेच ओढून पाहतो, गाडी कोणाची याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते, तशीच ही चाचपणी असते.

ती इतकी सर्रास का असते, याचे कारण तिच्या वेगात आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी झेडमॅप नावाची आज्ञावली प्रसिद्ध केली. सेकंदाला १ गिगाबिट वेगाची जोडणी असेल, तर चौथ्या आवृत्तीच्या सगळ्या सार्वजनिक पत्त्यांवरचे एक ठरावीक दार ती पाऊण तासाच्या आत ठोठावून येते. त्याच्याही आधी, २००९ पासून, शोडान नावाचे शोधयंत्र उघड्या दारांच्या याद्या सातत्याने तयार करत आले आहे. अशी ठोठावणी अभ्यासकही करतात, सुरक्षेचे काम करणाऱ्या कंपन्याही करतात आणि गुन्हेगारही करतात. म्हणून सार्वजनिक पत्ता असलेला कोणताही राउटर, मग तो मुंबईतल्या बँकेचा असो वा अमळनेरच्या जिनिंगचा, रात्रंदिवस ठोठावला जातो. त्यासाठी कोणी आपल्यावर डूख धरून बसलेला असण्याची गरज नाही.

थाप मारणे एवढ्याने नुकसान होत नाही. नुकसान होते ते दार उघडले गेल्यावर पुढच्या दोन-तीन सेकंदांत. २०१६ साली मिराई नावाची एक घातक आज्ञावली पसरली. ती उघडे टेलनेट शोधून तिथे कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठ-बासष्ट जोड्या पाठोपाठ वापरून पाहत असे. ‘अॅडमिन, अॅडमिन’ ही जोडी त्यात होतीच. एवढ्या साध्या युक्तीने जगभरातले लाखो कॅमेरे, त्यांचे चित्रण साठवणारे डीव्हीआर आणि राउटर तिच्या ताब्यात गेले.

फायरवॉल म्हणजे पाटकरी

फायरवॉल म्हणजे भिंत, असे चित्र बहुतेकांच्या डोळ्यांपुढे असते. मला ते दिशाभूल करणारे वाटते, कारण भिंत कोणालाच आत सोडत नाही. आपल्याकडच्या फड पद्धतीतला पाटकरी ही जास्त नेमकी उपमा आहे. पांझरा आणि मोसम या नद्यांवर गेली तीन-चार शतके चालत आलेल्या या पद्धतीत नदीवर बंधारा असतो, बंधाऱ्यातून कालवा निघतो, कालव्यातून चाऱ्या फुटतात, आणि कोणत्या चारीचे तोंड केव्हा उघडायचे व केव्हा बंद करायचे हे पाटकरी पाहतो. पाणी वाहते ठेवायचे, पण ज्याची पाळी त्यालाच द्यायचे, हे त्याचे काम असते.

राउटरमधली फायरवॉल असाच हिशेब ठेवते. आपण मोबाइलवर एखादे संकेतस्थळ उघडले की बाहेर गेलेल्या मागणीची नोंद राउटर आपल्या तक्त्यात करतो: आतल्या अमुक यंत्राने, बाहेरच्या तमुक पत्त्याकडे, या या पोर्टवरून विचारणा केली. उत्तर आले की तो तक्ता पाहतो, नोंद जुळली तर पॅकेट आत सोडतो. नोंद नसताना आलेले पॅकेट म्हणजे कोणी न मागितलेले पाणी. ते गुपचूप टाकून द्यायचे, हाच मूळ नियम. जोडण्यांची स्थिती लक्षात ठेवणाऱ्या अशा फायरवॉलला स्थिती-जाणती फायरवॉल म्हणता येईल. आजच्या बहुतेक घरगुती राउटरमध्ये ती असते आणि बहुधा चालूही असते.

मग अण्णांच्या कागदावरच्या ओळींचा अर्थ काय? त्यांतल्या बहुतेक ओळी हल्ला यशस्वी झाल्याच्या नव्हत्या. पाटकऱ्याने हाकलून लावलेल्यांची ती यादी होती. ती लांबलचक असणे हे त्याचे काम चालू असल्याचेच लक्षण होते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. घरातली यंत्रे बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते वापरतात आणि राउटर त्यांना एका सार्वजनिक पत्त्यामागे झाकतो. या पत्ता-बदलाला नॅट म्हणतात. नॅट आहे म्हणजे संरक्षण आहे, असे पुष्कळ जण मानतात. नॅटमुळे आडोसा मिळतो हे खरे, पण तो उद्देश नसून परिणाम आहे. नव्या, सहाव्या आवृत्तीचे (आयपीव्ही६) पत्ते इतके विपुल आहेत की तिथे घरातल्या प्रत्येक यंत्राला थेट सार्वजनिक पत्ता मिळतो, नॅट बहुधा नसतेच, आणि त्या वेळी आडोसाही राहत नाही. म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये ‘आयपीव्ही६ फायरवॉल’ असा स्वतंत्र पर्याय असेल तर तो चालू आहे याची खात्री करून घ्यावी.

आता प्रत्यक्ष राउटरचे पान उघडू

राउटरचे पान बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ या पत्त्यावर उघडते. सर्वांत पहिले काम फायरवॉलचे नाहीच. त्या पानाचा पासवर्ड बदला. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या पानाचा वेगळा, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. वायफायचा बदललेला असतो आणि पानाचा मात्र खोक्यावर छापलेला तसाच असतो. २०१७ च्या जुलै महिन्यात बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांचे हजारो मोडेम एका घातक आज्ञावलीने निकामी केले, तेव्हा कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच राहणे हेच त्याचे कारण होते, आणि ते बदलावेत असे आवाहन कंपनीला करावे लागले होते.

दुसरे काम, ‘रिमोट मॅनेजमेंट’ बंद करणे. या पर्यायामुळे राउटरचे पान बाहेरच्या जगातूनही उघडता येते. घरात किंवा दुकानात बसूनच सेटिंग बदलायची असेल, तर याची गरज नाही. जोडणी देणाऱ्या स्थानिक केबलवाल्याने आपल्या सोयीसाठी तो चालू ठेवला असेल, तर फक्त त्याच्या कार्यालयाच्या पत्त्यालाच प्रवेश द्यायला त्याला सांगावे. हा आग्रह धरायला संकोच वाटू देऊ नये.

तिसरे, राउटरच्या आतली आज्ञावली, जिला फर्मवेअर म्हणतात, ती अद्ययावत ठेवणे. आपल्याकडच्या लहान इंटरनेट व्यावसायिकांत आणि कारखान्यांत मायक्रोटिकचे राउटर पुष्कळ दिसतात. त्यांतल्या एका त्रुटीची दुरुस्ती कंपनीने २०१८ च्या एप्रिलमध्येच दिली होती. तरीही २०२१ च्या सप्टेंबरमध्ये मेरिस नावाच्या, बळकावलेल्या यंत्रांच्या टोळीने केलेल्या प्रचंड हल्ल्यांत प्रामुख्याने याच कंपनीचे राउटर वापरले गेल्याचे आढळले. दुरुस्ती हाताशी असूनही ती तीन वर्षे लावली गेली नव्हती, किंवा लावल्यावर जुना, चोरीला गेलेला पासवर्ड बदलला गेला नव्हता.

चौथे काम मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते आणि त्याच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. आपणच उघडलेली दारे शोधणे. ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ किंवा ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ या नावाखाली एक यादी असते. बाहेरून अमुक पोर्टवर आलेले पॅकेट आतल्या तमुक यंत्राकडे विनाचौकशी सोडावे, असे ती यादी सांगते. सीसीटीव्ही बसवणारा माणूस मालकाला घरबसल्या कॅमेरे दिसावेत म्हणून इथे डीव्हीआरचे दार उघडून जातो आणि ते वर्षानुवर्षे उघडेच राहते. ‘डीएमझेड’ हा पर्याय तर एखाद्या यंत्राची सगळीच दारे बाहेर उघडतो. ‘यूपीएनपी’ चालू असेल तर आतली यंत्रे मालकाला न विचारता परस्पर दारे उघडू शकतात. या तिन्ही ठिकाणी जाऊन, ज्या नोंदीचे कारण सांगता येत नाही ती काढून टाकावी. कॅमेरे बाहेरून पाहायचेच असतील तर राउटरवर व्हीपीएन सुरू करावे. म्हणजे आधी खात्री पटवून आत यायचे आणि मग कॅमेऱ्यापर्यंत जायचे.

ज्यांच्याकडे नियम स्वतः लिहावे लागणारा राउटर आहे, त्यांनी नियमांचा क्रम सांभाळावा, कारण फायरवॉल वरून खाली वाचत जाते आणि पहिला जुळलेला नियम लागू करून थांबते. आधी चालू असलेल्या व त्यांच्याशी संबंधित जोडण्यांना वाट द्यायची, मग विसंगत पॅकेटे टाकायची, मग आतल्या जाळ्यातून येणाऱ्यांना प्रवेश द्यायचा आणि शेवटी उरलेले सगळे टाकून द्यायचे. हा शेवटचा नियम चुकून वर गेला, तर मालकच बाहेर राहतो; मी स्वतः एकदा पाचोऱ्याहून दुरून काम करताना हे केले आहे आणि त्यापायी भर उन्हात परत जावे लागले आहे. शिवाय राउटरकडे येणारी पॅकेटे आणि राउटरमधून पलीकडे जाणारी पॅकेटे यांचे नियम वेगळे असतात. आतली यंत्रे सुरक्षित केली आणि राउटर स्वतःच उघडा राहिला, असे होऊ शकते.

नको असलेले पॅकेट टाकताना त्याला नकार कळवावा की गप्प राहावे, असाही पर्याय असतो. बाहेरच्या बाजूला गप्प राहणे बरे, कारण नकारसुद्धा ‘इथे कोणीतरी आहे’ हे सांगतो. आतल्या बाजूला मात्र नकार कळवावा, म्हणजे आपली यंत्रे उगाच वाट पाहत बसत नाहीत.

पिंग बंद केले की आपण अदृश्य होतो का?

पिंग म्हणजे ‘आहेस का?’ एवढेच विचारणारे पॅकेट. त्याला उत्तर न देण्याची सोय जवळजवळ प्रत्येक राउटरमध्ये असते आणि ती चालू केली तरी चालते. परंतु चाचपणी करणारे बहुतेक जण आता पिंगची वाट पाहतच नाहीत, थेट दार ठोठावतात. पिंग ज्या आयसीएमपी नावाच्या निरोप-पॅकेटांच्या कुटुंबातले आहे, ते सगळेच बंद करणे तर अपायकारक आहे. पॅकेट वाटेत मावत नाही हा निरोप त्याच मार्गाने येतो, आणि तो अडवला तर काही संकेतस्थळे अर्धवट उघडून थांबतात. सहाव्या आवृत्तीत शेजारची यंत्रे एकमेकांना शोधतात तीही त्याच्याच आधारे. म्हणून सेकंदाला ठरावीक संख्येपर्यंत ते स्वीकारावे, हा मार्ग योग्य.

काही राउटर चाचपणी करणाऱ्याचा पत्ता आपोआप काळ्या यादीत टाकतात. ही सोय मला जपून वापरावीशी वाटते. पॅकेटवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिता येतो. कोणी मुद्दाम आपण वापरत असलेल्या डीएनएस सेवेचा पत्ता लिहून थापा मारल्या, तर आपलाच राउटर त्या सेवेला बंदी घालून बसेल आणि एकही संकेतस्थळ उघडणार नाही.

लोंढा ही निराळी गोष्ट

आतापर्यंतची चर्चा दार उघडू पाहणाऱ्यांची झाली. दुसऱ्या प्रकारचा हल्लेखोर आत येऊच इच्छित नाही. त्याला फक्त खऱ्या गिऱ्हाइकाला आत येऊ द्यायचे नसते. याला सेवा-नाकारणी हल्ला, म्हणजे डिनायल ऑफ सर्व्हिस, म्हणतात. तो एकाच वेळी हजारो यंत्रांकडून झाला तर त्याला डीडॉस असे नाव आहे.

त्याचा एक जुना प्रकार सिन फ्लड. दोन यंत्रांची जोडणी तीन टप्प्यांत होते: एकाने ‘बोलू का?’ म्हणायचे (हेच सिन पॅकेट), दुसऱ्याने ‘बोल, ऐकतो आहे’ म्हणून जागा राखून ठेवायची, आणि पहिल्याने ‘ठीक’ म्हणून बोलायला लागायचे. सिन फ्लडमध्ये हल्लेखोर पहिला शब्द लाखो वेळा उच्चारतो आणि तिसरा कधीच उच्चारत नाही. लग्नाच्या हंगामात कोणी खोट्या नावांनी मंगल कार्यालयाच्या सगळ्या तारखा तोंडी राखून ठेवाव्यात आणि विसार द्यायला कोणीच येऊ नये, तशी अवस्था होते. १९९६ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट कंपनीवर असा हल्ला झाला आणि त्याच वर्षी डॅनियल बर्नस्टाइन यांनी ‘सिन कुकी’ हा उपाय सुचवला. तिसरा शब्द येईपर्यंत जागा राखायचीच नाही, फक्त उत्तरात एक खूण गुंफून पाठवायची आणि ती खूण परत आली तरच जोडणी नोंदवायची, असे त्याचे तत्त्व आहे.

राउटरच्या पानावर ‘डॉस प्रोटेक्शन’ नावाचा जो पर्याय असतो, तो बहुधा मोजणीवर चालतो. एका सेकंदात अमुक एका संख्येपेक्षा जास्त सिन, यूडीपी (जोडणीचे तीन टप्पे न करता थेट पाठवलेली) किंवा पिंग पॅकेटे आली तर पुढची टाकून द्यायची. सिन आणि पिंगची मर्यादा मध्यम ठेवणे बहुतेकांना मानवते. यूडीपीच्या बाबतीत सावध राहावे, कारण व्हिडिओ कॉल आणि आता पुष्कळशा चित्रफितीही यूडीपीवरूनच येतात. साधा हिशेब करू: २५ मेगाबिटची चित्रफीत चालू असेल आणि एका पॅकेटात सुमारे १,२५० बाइट असतील, तर सेकंदाला २,५०० पॅकेटे येतात. सरसकट ५०० ची मर्यादा घातली तर राउटर त्या चित्रफितीलाच हल्ला समजू शकतो. ‘संरक्षण वाढवले आणि नेट मंदावले’ ही तक्रार घेऊन आलेल्या कित्येकांचे दुखणे इथेच सापडते.

मग राउटर लोंढा थोपवतो का?

प्रामाणिक उत्तर असे आहे: लहानसा लोंढा थोपवतो, मोठा नाही, आणि कितीही महागडा राउटर आणला तरी नाही.

सेकंदाला १०० मेगाबिटच्या जोडणीतून सर्वांत लहान आकाराची पॅकेटे ओतली, तर ती सेकंदाला सुमारे १ लाख ४८ हजार भरतात. घरगुती राउटरचा तक्ता काही हजार ते काही दहा हजार नोंदींचा असतो. तक्ता भरला नाही असे धरले, तरी प्रत्येक पॅकेट वाचून टाकून देण्यातच त्याची शक्ती संपते. आणि त्याहून मूलभूत अडचण अशी की फायरवॉल पॅकेट टाकते ते आपल्या दारात पोचल्यावर. तोपर्यंत त्याने आपल्या जोडणीतली जागा खाल्लेली असते. नदीला पूर आला असताना पाटकऱ्याने आपल्या चारीचे तोंड घट्ट बंद केले, तर शेतातली माती वाचेल, पण कालवा फुटायचा राहणार नाही. ते पाणी वरच, सांडमातून, म्हणजे जादा पाणी सोडण्याच्या वाटेने, नदीत परत सोडायला हवे.

इंटरनेटवर हे ‘वर’ म्हणजे आपल्याला जोडणी देणारी कंपनी, आणि तिच्याही वरची मोठी कंपनी. लोंढा ज्या पत्त्याकडे येतो आहे त्याची वाहतूक त्यांच्याच जाळ्यात विसर्जित करणे किंवा ती मोठ्या क्षमतेच्या केंद्रात वळवून गाळून घेणे, हे त्यांनाच शक्य असते. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहब या संकेतस्थळावर सेकंदाला १.३५ टेराबिट एवढा लोंढा आला, म्हणजे १०० मेगाबिटच्या १३,५०० जोडण्या तुडुंब भरतील एवढा. तेव्हा त्यांनीही वाहतूक अशाच एका गाळणी-सेवेकडे वळवून काही मिनिटांत परिस्थिती सावरली.

म्हणून खरोखर लोंढा आला आहे अशी शंका आली, तर राउटरच्या सेटिंगशी झटापट करत बसू नये. वेळ आणि राउटरच्या नोंदी जपून ठेवाव्यात, जोडणी देणाऱ्या कंपनीला कळवावे आणि पत्ता बदलून मागावा. ज्यांचा पत्ता कायमचा नसतो, त्यांना राउटर काही वेळ बंद ठेवूनही कित्येकदा नवा मिळतो. कोणाची सेवा जाणूनबुजून बंद पाडणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ व ६६ खाली गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पैशांची फसवणूकही झाली असेल तर १९३० या क्रमांकावर तक्रार लगेच नोंदवावी.

“आमच्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय?”

हा आक्षेप मी सर्वांत जास्त वेळा ऐकला आहे, आणि अण्णांनीही तोच घेतला. त्यांच्या संगणकात कापसाच्या वजनाचे हिशेब, त्यापलीकडे काही नाही. उत्तर असे की चोराला आपली माहिती नको असते. त्याला आपली जोडणी हवी असते. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन या अमेरिकी कंपनीच्या डीएनएस सेवेवर लोंढा आला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट यांच्यासारखी संकेतस्थळे कित्येक तास अनेकांना उघडेनाशी झाली. तो लोंढा कोणत्याही एका महासंगणकातून आला नव्हता. मिराईने बळकावलेल्या सामान्य लोकांच्या कॅमेऱ्यांमधून आणि डीव्हीआरमधून तो थेंबाथेंबाने जमला होता.

दुसरा मार्ग आणखी सूक्ष्म आहे. राउटर आतल्या यंत्रांसाठी डीएनएसची उत्तरे देतो. तो बाहेरच्यांनाही उत्तरे देऊ लागला, तर हल्लेखोर बळी पडणाऱ्याचा पत्ता पाठवणारा म्हणून लिहितो आणि आपल्या राउटरला लहानसा प्रश्न विचारतो. राउटर भोळेपणाने मोठे उत्तर त्या बळीकडे धाडतो. मायक्रोटिकवर ‘अलाऊ रिमोट रिक्वेस्ट्स’ चालू करून बाहेरून येणारे ५३ क्रमांकाचे दार बंद करायचे राहिले, की नेमके हेच घडते. पत्ते खोटे लिहिता येऊ नयेत म्हणून, आपल्या जाळ्यातून बाहेर पडणाऱ्या पॅकेटवर आपल्याच ग्राहकाचा पत्ता आहे ना हे कंपन्यांनी तपासावे, अशी शिफारस मे २००० मध्येच प्रसिद्ध झाली. खान्देशातल्या गावोगावी जोडण्या देणाऱ्या व्यावसायिकांनी ही तपासणी लावली, तर इथून सुटणारे खोट्या पत्त्यांचे लोंढे इथेच थांबतील. हे काम ग्राहकाला करता येण्यासारखे नाही, म्हणून मला त्याची विशेष तळमळ वाटते.

“आम्हाला सार्वजनिक पत्ताच नाही, मग आम्हाला काय भीती?” असाही प्रश्न येतो. पत्ते अपुरे असल्यामुळे पुष्कळ कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवतात. राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांदरम्यान सुरू होत असेल, तर आपण तसे आहोत असे समजावे. तेव्हा बाहेरून येणारी चाचपणी आपल्यापर्यंत सहसा येत नाही, हे खरे. परंतु सहाव्या आवृत्तीचा पत्ता थेट असू शकतो, आणि घरातल्याच एखाद्या फोनमध्ये आलेली घातक आज्ञावली आतून राउटरचा पासवर्ड चाचपू शकते. तिला कोणत्याही बाहेरच्या दारातून यावे लागत नाही.

अण्णांच्या जिनिंगमध्ये काय सापडले

छापील पाने बाजूला ठेवून मी राउटरवरची एकच गोष्ट पाहिली: आत किती येते आणि बाहेर किती जाते. कार्यालयातले सगळे संगणक बंद होते, तरीही बाहेर जाणारी वाहतूक जोडणीच्या पूर्ण क्षमतेला टेकली होती. एकेक तार काढत गेलो आणि डीव्हीआरची तार निघताच आकडा खाली कोसळला. त्याचे दार पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये उघडे होते आणि पासवर्ड कारखान्यातला होता. संध्याकाळी इंटरनेट रखडत होते ते अण्णांवर कोणी लोंढा सोडला म्हणून नव्हे, तर त्यांच्या भिंतीवरचे यंत्र दुसऱ्या कोणावर तरी लोंढा सोडत होते म्हणून. हे सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

डीव्हीआर नुसता बंद-चालू करून भागले नसते. अशा आज्ञावल्या बहुधा यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत राहतात आणि वीज गेली की पुसल्या जातात, पण दार उघडे व पासवर्ड जुनाच असेल तर काही मिनिटांत परत येतात. म्हणून आधी फॉरवर्डिंगची नोंद काढली, यूपीएनपी बंद केले, मग डीव्हीआरची आज्ञावली नव्याने भरून पासवर्ड बदलला, आणि त्याला बाहेर स्वतःहून जोडणी करता येणार नाही असा नियम फायरवॉलमध्ये घातला. बाहेर जाणाऱ्यावरही पहारा लागतो, हे आपण सहसा विसरतो. कॅमेरे पाहण्यासाठी अण्णांच्या फोनवर व्हीपीएन बसवून दिले. उघडायला आता दोन बटणे जास्त दाबावी लागतात, याची थोडी कुरकुर झाली.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा गेलो, तेव्हा २३ क्रमांकाच्या दारावरच्या थापा पूर्वीइतक्याच होत्या. बाहेर जाणारी वाहतूक मात्र कार्यालय बंद झाल्यावर जवळजवळ शून्यावर येत होती, आणि अण्णांच्या सांगण्यावरून मुनीम रोज सकाळी तोच एक आकडा कापसाच्या आवकेशेजारी वहीत लिहून ठेवत होता.